बाजाराच्या दिवशी येणारं अपडेट

“नका ना हात लावू मॅडम. चालून राह्यलं तं चालू द्या ना.” एवढं बोलून तिनं माझ्या हाताखालचा माऊस हळूच आपल्याकडे ओढून घेतला आणि पुढच्या माणसाचं आधार कार्ड मागितलं. जुलैचे शेवटचे दिवस होते, पीक विम्याची मुदत संपत आलेली. एस.टी. स्टँडसमोरच्या तिच्या सेवा केंद्राबाहेर काळ्या मातीनं जड झालेल्या चपलांचा ढीग होता. पत्र्यावर पावसाची ताडताड चालली होती आणि आत ओल्या कपड्यांचा, घामाचा, तापलेल्या प्रिंटरचा वास एकमेकांत मिसळून कोंदला होता. सातबारे, पासबुकं, सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेलं. निंदणाच्या दिवसांत बोटांच्या रेषा झिजतात, म्हणून अंगठ्याच्या मशीनजवळ तिनं एक ओला आणि एक कोरडा फडका ठेवला होता. मी शाळेतल्या पोरांच्या शिष्यवृत्तीची यादी छापून घ्यायला गेले होते. तिच्या स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात, मेनूच्या तीन आडव्या रेघांवर हिरवा ठिपका दिसला आणि माझा हात सवयीनं तिकडे वळला. ब्राउजरचं नवं अपडेट आलंय, बसवायचं बाकी आहे, असं तो ठिपका सांगत असतो. ब्राउजर तिच्या पेनड्राइव्हवरचा, काळ्या दोऱ्यात ओवून सीपीयूला लटकवलेला. तो पेनड्राइव्ह तिला मीच भरून दिलेला. केंद्र सुरू केलं तेव्हा आपल्या शाळेतली पोरगी म्हणून.

प्रिंट घेऊन घरी आले तरी ते वाक्य काही डोक्यातून जाईना. ती चुकली असं मला म्हणता येत नव्हतं. बरोबर आहे असंही म्हणता येत नव्हतं.

पेनड्राइव्हवर ब्राउजर ठेवायची गरज शहरातल्या माणसाला चटकन कळत नाही. आपला लॅपटॉप, आपला पासवर्ड, हवं ते बसवा. आमच्या शाळेत संगणक आला तेव्हा बसवून गेलेल्या माणसानं ॲडमिनचा पासवर्ड कोणाला सांगितलाच नाही. नवं काही बसवायला गेलं की तो पासवर्ड मागायचा, आणि आतल्या जुन्या ब्राउजरमध्ये पानं अर्धीच उघडायची. पोरं बाकांवर गुडघे टेकून स्क्रीनकडे बघत उभी राहायची आणि मी पांढऱ्या पानाकडे. तेव्हा यवतमाळला प्रशिक्षणाला गेले असताना नेट कॅफेतल्या एका मुलानं मला पोर्टेबल फायरफॉक्स दाखवला, म्हणजे थेट पेनड्राइव्हवरून चालणारा फायरफॉक्स ब्राउजर. फोल्डर कॉपी करायचं, त्यातल्या फाइलवर दोनदा क्लिक करायचं, झालं. संगणकात काही बसवायचं नाही, कोणाची परवानगी मागायची नाही. पेनड्राइव्ह काढला की आपले बुकमार्क, आपले पासवर्ड आपल्यासोबत. तिथल्या तर्री-पोह्यांची आणि त्या मुलाच्या की-बोर्डवरच्या धुळीची आठवण अजून ताजी आहे. परतीच्या बसमध्ये मी पर्समधला तो पेनड्राइव्ह पुन्हा पुन्हा चाचपून बघत होते.

पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, ही कल्पना फायरफॉक्सइतकीच जुनी. फायरफॉक्सची पहिली आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४ ला आली. जॉन हॅलर नावाच्या माणसानं त्याच वर्षी तो पेनड्राइव्हवरून चालेल असा करून दिला, आणि त्यातूनच पोर्टेबलॲप्सचा, म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या प्रोग्रामांचा, सगळा पसारा वाढला. तेव्हा फायरफॉक्स पाच एमबीच्या आसपास होता. आज तो शंभर एमबीच्या पुढे आहे. हा फरक शहरात कोणाच्या लक्षातही येत नसेल. आमच्याकडे फाइल अर्ध्यावर येऊन अडकते आणि रेंजसाठी माणूस मोबाइल घेऊन गच्चीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात उभा राहतो, तेव्हा तो एकेक एमबीनं कळतो.

त्या फोल्डरची रचना मला फार आवडते. आत दोन महत्त्वाची फोल्डरं: ‘ॲप’ आणि ‘डेटा’. ‘ॲप’मध्ये ब्राउजर, आणि ‘डेटा’मध्ये आपण. म्हणजे आपले बुकमार्क, बघितलेल्या पानांची यादी, साठवलेले पासवर्ड, फॉर्ममध्ये भरलेलं नाव-गाव. बाहेरची छोटी फाइल फायरफॉक्सला सांगते, प्रोफाइल, म्हणजे ही आपली सगळी माहिती, संगणकाच्या सी ड्राइव्हवरून घेऊ नको, इथल्या ‘डेटा’तून घे. शाळेत पेनड्राइव्हला ‘ई’ हे अक्षर मिळतं, केंद्रात ‘जी’. तेवढा बदलही ती सांभाळून घेते. नवी आवृत्ती आणायची तर तिची फाइल उतरवायची, चालवायची आणि जागा विचारली की त्याच जुन्या फोल्डरवर बोट ठेवायचं. ‘ॲप’ बदलतं, ‘डेटा’ला धक्का लागत नाही. पहिल्यांदा हे केलं तेव्हा श्वास रोखून बघत होते. ब्राउजर उघडला आणि सातबाऱ्याचं, शिष्यवृत्तीचं, शाळेच्या हजेरीचं, सगळे बुकमार्क जागच्या जागी होते. (हे ‘डेटा’ फोल्डर जितकं कामाचं तितकंच जपायचंही. पासवर्ड साठवत असाल तर मुख्य पासवर्ड लावलाच पाहिजे. नाहीतर बसमध्ये पडलेला पेनड्राइव्ह ज्याला सापडेल, त्याला सेटिंग्जमध्ये जाऊन सगळे पासवर्ड वाचता येतात. हे मी प्रत्येकाला सांगते, तिलाही सांगितलं होतं, आणि तिनं लावलाय.)

खरी अडचण आपोआप येणाऱ्या अपडेटची. संगणकात रीतसर बसवलेल्या फायरफॉक्सला विंडोजमध्ये एक मदतनीस सेवा मिळते. २०१२ सालच्या बाराव्या आवृत्तीपासून ती परवानगीची खिडकी न दाखवता मागच्या मागे अपडेट बसवते. २०२१ च्या नव्वदाव्या आवृत्तीपासून तर विंडोजवर ब्राउजर बंद असतानाही ते काम उरकतं. पेनड्राइव्हवरच्या फायरफॉक्सच्या वाट्याला यातलं काही येत नाही. तो उघडा असेल तेव्हाच नवं काही आलंय का बघतो. आणि उघडा कधी असतो? माणूस कामात असतो तेव्हाच. नवी आवृत्ती साधारण दर चार आठवड्यांनी येते, तीही मंगळवारी. अमेरिकेतला मंगळवार म्हणजे आपल्याकडे मंगळवारची रात्र, बुधवारची सकाळ. आमच्या गावचा आठवडी बाजार मंगळवारचा. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतले आणि तांड्यांवरचे लोक सौदा घ्यायला येतात आणि जाताना केंद्रातली कामं करून जातात. ज्यांची राहून जातात ते बुधवारी सकाळीच दारात हजर असतात. म्हणजे तिच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी असते, नेमका तेव्हाच तो ठिपका उगवतो.

त्यात मोबाइलचं हॉटस्पॉट. आवृत्ती फार मागे पडलेली नसेल तर फायरफॉक्स फक्त बदललेला भाग मागवतो, गोधडीला विरलेल्या जागी ठिगळ लावावं तसा. पण मध्ये बऱ्याच आवृत्त्या हुकल्या की ठिगळ पुरत नाही, सगळंच नव्यानं उतरवावं लागतं. टाळलेलं अपडेट पुढे महाग पडतं ते असं. दिवसाच्या पॅकमधून तेवढं गेलं की दुपारनंतर लोकांच्या फॉर्मला नेट उरत नाही. शिवाय पेनड्राइव्हवर लिहिणं संथ. शेकडो बारीक फायली बदलत असताना लाइट गेली, किंवा कुणी घाईत पेनड्राइव्हच उपसला, तर पुढे काय होईल सांगता येत नाही. हे सगळं तिला माझ्याहून जास्त माहीत आहे. एकदा केंद्रात दुसऱ्याच कुठल्या प्रणालीचं अपडेट आलं आणि अंगठ्याचं मशीन चालेनासं झालं. दिवसभर लोक ओट्यावर बसून राहिले. एका म्हाताऱ्या बाईनं सोबत आणलेली भाकरी तिथेच सोडली आणि तिला म्हणाली, “होऊ दे माय, मी हाय इथंच.” त्या बाईची मजुरी बुडाली होती. तिच्या ‘चालू द्या ना’मागे तो दिवस आहे.

अपडेटनं मोडतं, हे मीही बघितलेलं आहे. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सच्या बावन्नाव्या आवृत्तीनं फ्लॅश सोडून बाकी सगळे जुने प्लगइन, म्हणजे ब्राउजरला बाहेरून जोडायचे छोटे प्रोग्राम, बंद केले, जावाही त्यातच गेलं. निर्णय योग्यच होता, त्या प्लगइनांतून फार घाण आत यायची. पण तालुक्यातल्या एका कामाला जावाशिवाय न चालणारं पान लागायचं. तेव्हा पोर्टेबलच कामी आला. दीर्घ मुदतीची जी ईएसआर आवृत्ती असते, तिच्यात ते प्लगइन पुढच्या वर्षापर्यंत चालत होते. एका फोल्डरमध्ये ती ठेवली, तेवढ्या एका पानासाठी. दुसऱ्या फोल्डरमध्ये नवा फायरफॉक्स, बाकी सगळ्यासाठी. एक बंद करायचा, दुसरा उघडायचा. संगणकात बसवलेल्या ब्राउजरला हे इतक्या सहजी जमलं नसतं.

म्हणून तिला सरसकट ‘अपडेट कर’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण ‘चालून राह्यलं’ हेही खरं नव्हतं. त्या दिवशी प्रिंटची वाट बघताना तिच्या पानांवर भसाभस जाहिराती दिसल्या. फॉर्म डाउनलोड करायच्या जागेशेजारी तसंच दिसणारं हिरवं खोटं बटण, त्याच्याखाली कर्जाची जाहिरात. मी तिच्या पेनड्राइव्हवर जाहिराती अडवणारं ॲड-ऑन घातलं होतं, मुद्दाम या खोट्या बटणांसाठीच. गर्दी जरा ओसरल्यावर बघितलं तर ते बंद पडलेलं. तिच्याकडचं सेकंड हँड मशीन विंडोज सातचं, म्हणून त्यावर ११५ क्रमांकाची ईएसआर. गुगलनं क्रोमला १०९ व्या आवृत्तीनंतर विंडोज सातवर नवं काही दिलं नाही. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं मात्र या जुन्या मशीनांसाठी ११५ ची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली, आणि त्याबद्दल मला त्या लोकांविषयी मनापासून आदर आहे. पण तिची प्रत ११५.१३ च्याही मागे थांबलेली होती. फायरफॉक्समध्ये ॲड-ऑन खरं आहे की नाही हे ब्राउजरच्या आतल्या एका मूळ डिजिटल प्रमाणपत्रावरून ठरतं, आणि जुन्या प्रतींमधल्या त्या प्रमाणपत्राची मुदत १४ मार्च २०२५ ला संपत होती. मोझिलानं कितीतरी आधीपासून सांगितलं होतं, १२८ किंवा ११५.१३ च्या पुढे या, नाहीतर ॲड-ऑन बंद पडतील. तो दिवस धुळवडीचा. गावात पळसाच्या रंगाच्या बादल्या भरल्या जात होत्या, केंद्राला कुलूप होतं, आणि पेनड्राइव्हवरचं ते राखणदार ॲड-ऑन कोणाला न कळता गेलं. दुसऱ्या दिवशी तिनं ब्राउजर उघडला तर तिच्या लेखी काहीच बदललेलं नव्हतं. जाहिराती वाढल्या, एवढंच. तिला वाटलं, त्या साइटींनीच वाढवल्या असतील.

हे मला त्या वाक्याहूनही जास्त लागलं. आपण जागचे हललो नाही म्हणजे आहे तिथेच राहिलो असं वाटतं, आणि तसं होत नाही. प्रमाणपत्रांच्या मुदती सरतात. साइटी बदलतात. ४ मे २०१९ ला, एका शनिवारी, असंच एक मधलं प्रमाणपत्र मुदतीबाहेर गेलं आणि जगभरच्या फायरफॉक्समधली ॲड-ऑन एकदम बंद झाली. ती चूक मोझिलाची होती, त्यांनी मान्य केली आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची आवृत्ती दिली. ज्यांनी ती घेतली त्यांचं काम पुढे सुरू झालं. आमच्याकडच्या जुन्या संगणकांत तर मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला की तारीखच कित्येक वर्षं मागे जाते, आणि प्रत्येक साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून अंगावर येते. लोक घाबरतात, व्हायरस आला म्हणतात. प्रत्यक्षात ब्राउजर बिचारा तारीख बघून म्हणत असतो, या साइटचं प्रमाणपत्र अजून सुरूच व्हायचंय. सेल बदलला, तारीख लावली की सगळं ठीक.

आणि एक गोष्ट याहून गंभीर. ९ ऑक्टोबर २०२४ ला मोझिलानं घाईनं एक अपडेट सोडलं. नवरात्र सुरू होतं, शिवारात सोयाबीनची काढणी जोरात होती, हवेत थ्रेशरचा भुसा होता. पानावरच्या हालत्या चित्रांचं काम बघणाऱ्या कोडमध्ये एक भगदाड सापडलं होतं, आणि ते सापडण्याआधीच हल्लेखोर त्याचा वापर करत होते. संगणक सुरक्षेचं काम करणाऱ्या ईसेट कंपनीच्या संशोधकानं कळवल्यापासून २५ तासांत दुरुस्ती तयार झाली. विंडोज सातवाल्यांसाठीही ती आली, ११५.१६.१ या नावानं. अशा भगदाडातून आत यायला खोटं बटण दाबावं लागत नाही, फाइल उतरवावी लागत नाही. नुसतं पान उघडलं तरी पुरतं. मी ते वाचलं तेव्हा मला त्या केंद्रातली रांग दिसली. रांगेतल्या प्रत्येकाचा आधार क्रमांक, बँकेचं खातं, सातबारा, मोबाइलवर येणारा ओटीपी, सगळं त्या एका ब्राउजरच्या खिडकीतून जातं. ती पोरगी अतिशय प्रामाणिक आहे. लोकांचा तिच्यावर भरवसा आहे. पण लोक जो भरवसा तिच्यावर टाकतात तो नकळत त्या ‘ॲप’ फोल्डरवरही टाकत असतात, आणि त्यातल्या आवृत्तीचा आकडा त्यांच्यापैकी कोणीच कधी बघणार नाही.

फायरफॉक्समध्ये अपडेटचे दोनच पर्याय दिसतात: आपोआप बसव, किंवा बघ पण बसवायचं मला विचारून. ‘कधीच बघू नको’ हा तिसरा पर्याय २०१८ साली त्रेसष्टाव्या आवृत्तीत काढून टाकला. फायरफॉक्सला नियम घालून देणारी धोरणाची एक छोटी फाइल ठेवून आजही अपडेट पुरतं बंद करता येतं, मोठ्या कार्यालयांत करतात. पण तिथं अपडेटची जबाबदारी सांभाळायला पगारी माणूस असतो. आमच्याकडे तो नाही, म्हणून ती फाइल मी कोणाच्याही पेनड्राइव्हवर ठेवत नाही. ‘मला विचारून’ हाच पर्याय आमच्यासारख्यांना योग्य, असं माझं ठाम मत आहे. मात्र विचारल्यावर दर वेळी ‘आता नको’ म्हटलं तर तो पर्याय आणि बंद करणं यांत फरक राहत नाही. कधी करायचं हे तिनंच ठरवावं. ते ठरवण्याचा हक्क मला तिच्याकडून काढून घ्यायचा नाही, आणि अमेरिकेतल्या मंगळवारालाही द्यायचा नाही. पण ठरवलेली वेळ कॅलेंडरवर कुठेतरी असायला हवी.

मग मी तिच्याशी पुन्हा बोलले, या वेळी केंद्रात नाही, घरी, तिची आई तुरीच्या डाळीतले खडे निवडत होती तेव्हा. अपडेटचं भलेपण सांगत बसले नाही. एवढंच सांगितलं की अपडेटच्या आधी सगळं फोल्डर, ‘ॲप’ आणि ‘डेटा’ दोन्ही, संगणकावर जसंच्या तसं कॉपी करून ठेवू. नवं मोडलं तर जुनं तासाभरात परत. हे दोन्ही एकत्रच ठेवावं लागतं, कारण सदुसष्टाव्या आवृत्तीपासून फायरफॉक्स नव्या आवृत्तीनं वापरलेला ‘डेटा’ जुन्या आवृत्तीला उघडू देत नाही, नवं प्रोफाइल करा म्हणतो. तिनं लगेच विचारलं, “म्हणजे जुन्यासंगं जुना डेटाच लागन?” अगदी बरोबर पकडलं होतं. मग तारखेचा विषय निघाला. रविवार तिला नको, रविवारी नोकरीवाले येतात. तिनंच सुचवलं, पोळ्याला करू. विम्याची गर्दी संपलेली असते, आणि पोळ्याच्या दिवशी बैल धुणं, सजवणं, तोरणाखाली नेणं यातून संध्याकाळपर्यंत कोणी केंद्राकडे फिरकत नाही.

पोळ्याला झालं. पूर्ण फाइल आदल्या रात्री मी गच्चीवर उतरवून घेतली होती, म्हणून तिच्या पॅकला हात लागला नाही. ॲड-ऑन परत सुरू झालं, अंगठ्याचं मशीन पहिल्या झटक्यात चाललं, सगळे बुकमार्क होते. तिनं एकच अट घातली होती, जुनं फोल्डर पुसायचं नाही. मी मानली. तिच्या जागी मीही तीच घातली असती. पण तेव्हापासून माझ्या मनात एक काळजी आहे. ते जुनं फोल्डर, सगळ्या भगदाडांसकट, तिच्या डी ड्राइव्हवर पडून आहे. एखाद्या बाजाराच्या दिवशी नव्यानं जरा त्रास दिला तर ती तेच उघडेल, आणि रांगेतली कामं उरकेपर्यंत, कदाचित पुढेही, त्यावरच राहील. महिनाभर नवं नीट चाललं की जुनं काढून टाकू, असं आमचं तोंडी ठरलंय. ती “हो मॅडम” म्हणाली आहे.

दरम्यान आठवीच्या पोरांना मी ‘फायरफॉक्सविषयी’ ही खिडकी उघडून आवृत्तीचा आकडा वाचायला शिकवते आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांनी ब्राउजर फक्त फोनवर बघितलेला, तिथं अपडेट येतं-जातं, त्यांना पत्ताही नसतो. एका पोट्ट्यानं आकडा वाचला आणि विचारलं, “मॅडम, आपल्या शाळेतलं विंडोज सातच आहे ना, मंग ११५ चं येणं बंद झालं तं?” हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण ती मुदत कितीही वाढवली तरी संपणार आहे. त्याला म्हटलं, विंडोज काढून लिनक्स टाकून बघू. फायरफॉक्सचं प्रोफाइल तिकडेही चालतं, ‘डेटा’तलं सगळं नेता येईल. शाळेचं मशीन ६४ बिटचं आहे, हे आम्ही दोघांनी मिळून तपासलंय. ॲडमिनच्या त्या पासवर्डचीही मग गरज उरणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत करायचं आहे, त्याला शाळेची किल्ली कोणाकडून घ्यायची तेही ठाऊक आहे. आता फक्त जुना प्रिंटर त्यावर चालतो का, तेवढं आधी बघून घ्यायचं आहे.